फट बुजवण्यापूर्वी

मुख्याध्यापिकांचे मनोगत





दिवाळीची सुट्टी संपून दुसरे सत्र सुरू झाले की माझ्या टेबलावर दोन प्रकारचे अर्ज येऊ लागतात. पहिला, स्नेहसंमेलनाच्या नाचात आमच्या मुलीला पुढच्या रांगेत उभे करावे म्हणून. दुसरा, थंडीबद्दल. सकाळच्या सत्राची मुले सातला वर्गात बसतात तेव्हा बाहेर पारा दहा-बारा अंशांवर असतो. उत्तरायणाच्या सुमारास वारा सुटला की वरच्या झरोक्यांतून तो थेट मुलांच्या डोक्यावर येतो. यंदा प्राथमिक विभागाच्या काही पालकांनी एकत्र सह्या करून लिहिले आहे, की वर्गांचे, प्रयोगशाळेचे आणि चहाच्या खोलीचे वरचे झरोके पत्रे ठोकून कायमचे बंद करावेत. एका पालकांनी पत्र्याचा व मिस्त्रीचा खर्च स्वतः देण्याची तयारी दाखवली आहे. विश्वस्तांपैकीही एक-दोघांना ही सूचना पटली.

मी बैठकीत म्हटले, "जरा थांबू या." का थांबायचे, हे मात्र मला तेव्हा नीट सांगता आले नाही. त्याचे खरे कारण माझ्या हातून घरी झालेल्या एका चुकीत आहे, आणि अशी चूक भरल्या बैठकीत सांगण्यापेक्षा कागदावर सांगणे सोपे जाते. म्हणून हे मनोगत.

माझे माहेर ग्वाल्हेरचे. शाळा आणि बी.एस्सी. दोन्ही हिंदी माध्यमातून झाले. त्यामुळे माझ्या मराठीत मधूनच हिंदी डोकावते आणि मागच्या बाकावरची मंडळी गालात हसतात, ते मला दिसते. असो. ग्वाल्हेरची थंडी ही बडोद्याच्या थंडीची थोरली बहीण. जानेवारीत तिथे पारा दोन-तीन अंशांपर्यंत उतरतो. आमच्या घरी संध्याकाळी कोळशाची सिगडी पेटायची. तिकडे तिला अँगीठी म्हणतात. आजीचे तिच्याबाबत तीन नियम होते. सिगडी अंगणातच पेटवायची आणि धूर सरून निखारे लाल झाले की मगच घरात आणायची. ती घरात असेपर्यंत दाराला वीतभर फट ठेवायची. आणि निजण्यापूर्वी ती पुन्हा अंगणात न्यायची. आम्ही दोघी बहिणी कुडकुडत म्हणायचो, "आजी, दार लाव ना." ती म्हणायची, "विस्तवालाही श्वास लागतो, बाळांनो. आपण दिला नाही तर तो आपला घेतो." आजी शाळेत गेलेली नव्हती.

पुढे कॉलेजात मी 'अपूर्ण दहन' शिकले. हवा पुरेशी असेल तर कोळसा किंवा गॅस जळून कार्बन डायऑक्साइड होतो, अपुरी असेल तर कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो विषारी आहे. ही व्याख्या मला आजही झोपेतून उठवले तरी हिंदीत म्हणता येईल. परीक्षेत तिला पूर्ण गुण मिळाले होते. आजीचा नियम आणि ही व्याख्या एकच गोष्ट सांगतात, हे मात्र मला फार उशिरा कळले.

माझी धाकटी बहीण शिकागोजवळ राहते. घर जुने आहे, विटांचे. तिकडच्या अशा घरांत बैठकीच्या खोलीच्या भिंतीत लाकडे जाळण्यासाठी एक मोठा कोनाडा असतो आणि त्यावर थेट छपरापर्यंत धुराडे. लाकडे फोडणे, राख काढणे नको म्हणून बरेच लोक त्या कोनाड्यात गॅसवर चालणारी लोखंडी पेटी बसवून घेतात. पुढे जाड काच, आत ज्योत. पेटीच्या डोक्यावरून दोन नळ्या धुराड्यातून वर जातात. एका नळीने बाहेरची हवा ज्योतीसाठी आत येते, दुसरीने जळलेला वायू बाहेर जातो.

२०१९ च्या जानेवारीत शिकागोला कडाक्याची थंडी पडली. ३० तारखेला तिथल्या ओ'हेअर विमानतळावर पारा उणे तीस अंशांच्याही खाली गेला होता. बहीण फोनवर सांगत होती, "ताई, समोर ज्योत जळतेय आणि पायांना बर्फासारखा वारा लागतोय. वारा त्या पेटीच्याच कडेने येतोय." पेटी आणि विटा यांच्यामध्ये चारही बाजूंनी बोट-दोन बोटे जागा होती, ती पुढून पत्र्याच्या चौकटीने नुसती झाकलेली होती. बहिणीने काय करावे? आईच्या हातची जुनी गोधडी फाडली, तिच्या पट्ट्या चौकटीमागे कोंबल्या आणि पेटीच्या खालच्या जाळीवर चिकटपट्टी लावली. वारा थांबला. ती खूश.

दोन दिवसांनी पेटीची वार्षिक तपासणी करणारा कारागीर आला. त्याने सर्वांत आधी गॅस बंद केला, पेटी गार होऊ दिली आणि मग गोधडीच्या पट्ट्या एकेक करून बाहेर काढल्या. त्यांतली एक कडेला करपली होती. बहीण म्हणाली, त्याने रागावून एक शब्दही उच्चारला नाही, नुसती ती पट्टी तिच्या हातात ठेवली.

त्यानंतर त्याने जे केले, ते मी बहिणीकडून दोनदा समजून घेतले, कारण मला विज्ञानशिक्षिका म्हणून त्यात रस होता. वारा मुळात येत होता कोठून? लाकडे जळत त्या काळात धुराड्याच्या गळ्याशी एक लोखंडी झडप होती. गॅसच्या नळ्या जाव्यात म्हणून ती कायमची उघडी ठेवलेली होती. नळ्यांच्या भोवतालचे सगळे धुराडे छपरापर्यंत मोकळे होते. गार हवा जड, ती धुराड्यात साचून खाली उतरत होती आणि पेटीच्या कडेने खोलीत येत होती. शिवाय गॅसचा नळ ज्या भोकातून विटांमधून आत आला होता, ते भोकही तसेच उघडे होते. कारागिराने धुराड्याच्या गळ्याशी नळ्यांच्या मापाची भोके पाडलेला पत्रा बसवला, वर न जळणारी खनिज लोकर अंथरली, कडा उष्णता सोसणाऱ्या लुकणाने बुजवल्या, नळाभोवतीचे भोक तसेच बुजवले आणि पुढच्या चौकटीमागे न जळणारी दोरीसारखी पट्टी लावली. छपरावरची टोपी तपासली. खालच्या जाळीवरची चिकटपट्टी मात्र ओढून काढली. त्या जाळीतून खोलीची हवा पेटीभोवती फिरून गरम होत असते; ती बंद केली तर पेटी नको तितकी तापते. दोन नळ्यांना तर त्याने हातही लावला नाही.

जाताना त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. "तुमची पेटी बाहेरची हवा घेते. पण काही पेट्या ज्योतीसाठी खोलीतलीच हवा घेतात. तशी पेटी असलेल्या घराच्या सगळ्या फटी बुजवल्या, आणि स्वयंपाकघरातला मोठा पंखा लावला, तर धुराड्यातून वर जाणारा वायू उलटा खोलीत ओढला जाऊ शकतो." आणि त्याने कार्बन मोनॉक्साइड ओळखून वाजणारे यंत्र चालू आहे ना, ते बटण दाबून पाहिले.

मी बहिणीला फोनवर हसले. म्हटले, "आजीची नात आणि विस्तवाजवळ गोधडी!"

आता माझी पाळी. पुढच्याच हिवाळ्यात, डिसेंबरात, मी काय केले ते ऐका. आमच्या फ्लॅटच्या न्हाणीघरात गॅसचा गिझर आहे. तो आतच बसवलेला होता, वर धूर बाहेर नेणारी नळी नव्हती. भिंतीत वर एक लहान खिडकी, तिला काचेच्या आडव्या पट्ट्या. आंघोळ करताना ओल्या अंगावर तिथून वारा येई. एका रविवारी मी त्या खिडकीला पुठ्ठा आणि प्लॅस्टिक लावून चिकटपट्टीने पक्के बंद केले. दाराखालून गार लागते म्हणून दाराशी जाड पायपुसणे सरकवायची सवय आम्हा सगळ्यांना होतीच. घरातल्या सर्वांनी माझे कौतुक केले.

बुधवारी सकाळी मुलगा तिसरा आंघोळीला गेला. आधी दोघांच्या आंघोळी झाल्या होत्या. बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. मी हाक मारली, उत्तर नाही. पुन्हा हाक मारली. यजमानांनी दाराला खांदा लावला. दुसऱ्या धक्क्याला कडी निघाली. मुलगा भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता, डोळे अर्धे मिटलेले. पाणी चालूच होते. आम्ही त्याला ओढून गच्चीवर आणले. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "न्हाणीघरात गॅसचा गिझर आहे का? खिडकी आहे का?" मी म्हटले, "आहे. मी बंद केली."

त्याला ऑक्सिजन दिला, संध्याकाळपर्यंत तो बोलू-चालू लागला. देवाची कृपा. पुढे त्याने सांगितले की डोके दुखायला लागले होते, मग पायांतली शक्ती गेली. कडी काढायला हात उचलावा हे कळत होते, पण हात उचलत नव्हता.

रात्री मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. आठवी-नववीच्या मुलांनी हे गणित जरूर करून पाहावे. आमचे न्हाणीघर पाच फूट बाय सात फूट, उंची आठ फूट. म्हणजे २८० घनफूट, सुमारे ८ घनमीटर हवा. मिनिटाला सहा लिटर पाणी २५ अंशांनी तापवणारा गिझर तासाला सव्वा घनमीटरच्या आसपास नळाचा गॅस जाळतो. एक घनमीटर नैसर्गिक वायू पूर्ण जळायला साडेनऊ-दहा घनमीटर हवा लागते. म्हणजे तासाला सुमारे १२ घनमीटर, वीस मिनिटांत ४. दोघांच्या आंघोळी होईपर्यंत बंद खोलीतल्या निम्म्या हवेइतकी हवा ज्योतीने वापरलेली असते. तिसरा माणूस आत जातो तेव्हा ज्योत आधीच गुदमरत असते आणि कार्बन मोनॉक्साइड सोडू लागलेली असते. आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरते. मग श्वास चालू असतो, पण शरीराला ऑक्सिजन पोचत नाही. हिशेब ढोबळ आहे, पण माझी झोप उडवायला पुरेसा होता. व्याख्या मला पाठ होती. गिझर, पुठ्ठा आणि ती व्याख्या माझ्या डोक्यात एकमेकांना कधी भेटलीच नव्हती.

काही पालक विचारतील, गॅस असेल तर वास येणार नाही का? इथे मोठी गैरसमजूत आहे. बडोद्यात नळाने गॅस येऊ लागून कित्येक दशके झाली; वासाने गळती ओळखण्याची आपल्याला सवय आहे. पण तो वास गॅसचा स्वतःचा नसतो, तो मुद्दाम मिसळलेला असतो. त्यामागे एका शाळेची दुःखद कथा आहे. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्यात न्यू लंडन गावच्या शाळेत इमारतीखाली साचलेल्या बिनवासाच्या गॅसचा स्फोट झाला आणि सुमारे तीनशे मुले व शिक्षक दगावले. कोणाला वासच आला नव्हता. त्यानंतर टेक्सासने गॅसमध्ये वास मिसळण्याचा कायदा केला आणि पुढे ती पद्धत सर्वत्र रूढ झाली. मात्र हा वास न जळलेल्या गॅसला असतो. ज्योतीत गॅसबरोबर वासही जळून जातो. म्हणून गळती नाकाला कळते, पण ज्योतीतून निघालेला कार्बन मोनॉक्साइड कळत नाही.

मोठमोठी माणसेही याला अपवाद नाहीत. फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला १९०२ साली सप्टेंबरात पॅरिसच्या आपल्या घरी याच वायूने गेले. थंडी होती, खिडक्या बंद होत्या, शेकोटीचे धुराडे तुंबलेले होते. त्यांच्या पत्नी वाचल्या. घर चांगले, माणसे सुजाण, आणि जायची वाट तेवढी बंद.

आता जरा आपल्या बडोद्याच्या जुन्या वाड्यांकडे पाहू या. दांडिया बाजारात, बाबाजीपुऱ्यात, रावपुऱ्यात ज्यांचे आजी-आजोबा वाड्यात राहिले, त्यांनी त्यांना बंबाबद्दल विचारावे. तांब्याचा बंब म्हणजे मधोमध उभी नळी, तिच्यात खाली विस्तव, भोवताली पाणी. हवा खालून आत, धूर नळीतून वर, आणि बंब बहुधा मागच्या अंगणात किंवा मोरीशी, जिथे वर धूर जायला वाट असे. स्वयंपाकघरात चुलीवर धुराडे असे. बंब मोडीत गेला, त्याच्या जागी चकचकीत गिझर आला. गिझर बंबापेक्षा सोयीचा आहे, मी त्याच्या विरोधात नाही. पण बंबाबरोबर येणारी धुराची वाट आपण सोबत आणली नाही. विस्तव दिसेनासा झाला म्हणून त्याला श्वास लागत नाही असे आपण धरून चाललो.

या सगळ्यावरून मी एक साधी रीत शिकले. कुठल्याही खोलीतल्या भोकांचे तीन प्रकार असतात. पहिले, विस्तवासाठी किंवा माणसांसाठी हवा आत येण्याचे. दुसरे, जळलेला वायू, वाफ किंवा कोंदट हवा बाहेर जाण्याचे. तिसरे, ज्याचा कोणालाच उपयोग नाही असे: फुटलेली काच, वाकलेली चौकट, नळाभोवती राहून गेलेले भोक. गारठा या तिन्हींतून येतो आणि अंगाला तो सारखाच लागतो, म्हणून आपली गल्लत होते. शिकागोच्या कारागिराने तिसऱ्या प्रकारची भोके शोधून बुजवली आणि पहिली दोन राखली. माझ्या बहिणीने आणि मी जिथून वारा लागला ते भोक बुजवले, ते कशासाठी आहे हे विचारलेच नाही.

हीच रीत मी शाळेला लावून पाहिली. वर्गात गॅस जळत नाही, तेव्हा तिथे विषबाधेचे भय नाही, हे मी आधीच मान्य करते. कोणी उगाच घाबरू नये. पण पंचेचाळीस मुलांच्या वर्गात हवा बदलली नाही तर दुसऱ्या तासाला मुले जांभया देऊ लागतात, आणि एकाचा सर्दी-खोकला आठवड्यात सगळ्या वर्गाचा होतो. कोरोनानंतर शाळा उघडल्या तेव्हा दारे-खिडक्या उघड्या ठेवा, हे आपणच फलकावर लिहिले होते. वर्गाचे उंचावरचे झरोके हे दुसऱ्या प्रकारचे भोक आहे. गरम, वापरलेली हवा वर जाते, तिची ती वाट आहे. प्रयोगशाळेत तर बर्नर जळतात आणि चहाच्या खोलीत शेगडी. तिथल्या झरोक्यांना पत्रा ठोकणे म्हणजे मी घरी लावलेला पुठ्ठा शाळेत लावणे होय. मुख्याध्यापिका या नात्याने मी त्याला संमती देऊ शकत नाही.

तरीही पालकांची तक्रार खरी आहे, आणि "थंडीने काय होते, सवय होईल" असे म्हणून ती उडवून लावणे मला मान्य नाही. कुडकुडणाऱ्या मुलाच्या हातून अक्षर निघत नाही. म्हणून गेल्या शनिवारी मी, शिपाईमामा आणि नववीचे चार विद्यार्थी उदबत्ती घेऊन प्राथमिक विभागाच्या प्रत्येक वर्गात फिरलो. उदबत्ती फटीजवळ धरली की धूर कुठे वळतो ते दिसते. आढळले असे, की मुलांच्या अंगावर येणारा बराचसा वारा झरोक्यांतून येत नाही. तो खालच्या खिडक्यांच्या फुटक्या काचांतून, न बसणाऱ्या झडपांतून आणि दारांखालच्या दोन-दोन बोटे फटींतून येतो. तिसऱ्या प्रकारची भोके! ती वर्षानुवर्षे आपण बुजवली नाहीत, हा दोष आमचा, शाळेचा आहे.

माझी विश्वस्त मंडळाला नम्र विनंती अशी. पत्र्यांसाठी देऊ केलेली रक्कम, देणाऱ्या पालकांची हरकत नसेल तर, खालच्या खिडक्यांच्या काचा, झडपा आणि दारांच्या पट्ट्या यांसाठी वापरावी. ज्या झरोक्याखाली मुले थेट बसतात, तिथे वाऱ्याला वर वळवणारी तिरकी फळी बसवावी, म्हणजे हवा येईल पण डोक्यावर पडणार नाही. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत बालवर्ग ते दुसरीची शाळा पाऊण तास उशिरा भरवावी. आणि या काळात कोणत्याही रंगाचा स्वेटर, कानटोपी, मोजे चालतील. गणवेशाच्या रंगावरून कोणत्याही मुलाला दारात थांबवले जाणार नाही. हे शेवटचे माझ्या अधिकारात आहे, ते आजपासून लागू.

विद्यार्थ्यांसाठी यंदाचा हिवाळी गृहपाठ एक पानाचा आहे. मोठ्यांना सोबत घेऊन आपल्या घरी हे पाहायचे आणि लिहून आणायचे:

१. पाणी तापवायला गॅसचा गिझर आहे का? तो न्हाणीघराच्या आत आहे की बाहेर?

२. त्याचा धूर बाहेर नेणारी नळी आहे का? ती खरोखर घराबाहेर उघडते का?

३. न्हाणीघराची खिडकी किंवा झरोका उघडा आहे का? पुठ्ठा, प्लॅस्टिक, जुने वर्तमानपत्र, कबुतरांचे घरटे यांपैकी काही अडकले आहे का?

४. दाराखाली किंवा दारात हवा आत यायला वाट आहे का? बाहेर फेकणारा पंखा असेल आणि आत यायला वाट नसेल, तर नुसता पंखा पुरत नाही.

५. ज्योत निळी आहे की पिवळी? पिवळी, काजळी धरणारी असेल तर गिझर वापरणे थांबवून कारागिराला बोलवा.

कृपया कोणत्याही मुलाने गिझर उघडू नये किंवा नळ फिरवू नये. पाहणे आणि लिहिणे एवढेच काम. आत गिझर असलेल्या पालकांना माझे कळकळीचे सांगणे आहे, की तो बाहेरच्या मोकळ्या जागेत हलवून घ्या. आम्ही हलवला. तोपर्यंत बादली भरून घ्यावी, गिझर बंद करावा आणि मगच दार लावून आंघोळ करावी. पाहुणे आले, सणाचा दिवस आहे, पाठोपाठ पाच आंघोळी आहेत, अशा वेळी तर विशेष काळजी घ्यावी.

आणि कधी कोणाला न्हाणीघरात चक्कर आली, मळमळ झाली, डोके दुखू लागले, तर आधी दार-खिडकी उघडा, माणसाला मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा आणि १०८ ला फोन करा. डॉक्टरांना गॅसचा गिझर होता हे आठवणीने सांगा. कोरोनाच्या काळात आपण सर्वांनी बोटाला लावायचे ऑक्सिमीटर घेतले. या विषबाधेत त्याच्यावर विसंबू नका. ते कार्बन मोनॉक्साइडने भरलेले रक्तही ऑक्सिजनने भरलेले समजते आणि आकडा चांगला दाखवते.

माझा मुलगा आता नोकरीनिमित्त पुण्यात असतो. भाड्याचे घर पाहायला गेला की आधी न्हाणीघराची खिडकी उघडून बघतो, असे त्याचा मित्र हसत सांगत होता. मला हसू आले नाही. त्या खिडकीवरचा पुठ्ठा मी टाकून दिला नाही, तो माझ्या कपाटात आहे. दहावीला 'अपूर्ण दहन' शिकवायला जाते तेव्हा तो बरोबर नेते आणि फळ्यावर व्याख्या लिहिण्याआधी मुलांच्या हातात देते.

ज्या पालकांनी सह्या करून पत्र दिले, त्यांची मी आभारी आहे. त्यांनी लिहिले नसते तर आम्ही उदबत्ती घेऊन फिरलो नसतो. त्यांनी पुढच्या शनिवारी सकाळी साडेसातला शाळेत यावे. उदबत्ती आमच्याकडे आहे. कोणती फट बुजवायची आणि कोणती राखायची, ते मिळून ठरवू.

आपली,
मुख्याध्यापिका